उपकेंद्रातील मोफत कर्करोग तपासणी : सेवा चांगली, पण सिस्टरच्या पाठीशी कोण?

‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी नवी पाटी लागलेल्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीस ते पासष्ट वर्षे वयाच्या प्रत्येकाची तोंडाची, आणि स्त्रियांची त्यासोबत स्तनांची व गर्भाशयमुखाची कर्करोग तपासणी दर पाच वर्षांनी विनामूल्य करून देण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारने यासंबंधीची कार्यपद्धती २०१६ मध्ये आखून दिली आणि असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती राबवली जाते. तरीही अशी काही सेवा आपल्या गावात मिळते हे ठाऊक असलेल्या बायका मला फार थोड्या भेटल्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के आणि स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के आढळल्या. दुकानातल्या वस्तूंची आणि हॉटेलांची परीक्षणे आपण रोज वाचतो. आपल्याच करातून चालणाऱ्या आणि जीव वाचवू शकणाऱ्या या सेवेचेही तितक्याच बारकाईने परीक्षण व्हायला हवे, असे मला वाटते.

ही सेवा मी पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या तालुक्याच्या एका उपकेंद्रात स्वतः घेतली, घरातल्या आणि शेजारच्या बायकांना सोबत नेले, आणि एका तपासणीच्या निमित्ताने वरच्या रुग्णालयांपर्यंतही जाणे झाले. उपकेंद्राचे किंवा रुग्णालयांचे नाव मी लिहीत नाही, कारण ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या तिथे काम करणाऱ्या माणसांच्या माथी माराव्यात अशा नाहीत. माझे मत आधीच सांगते. तपासणी करणारे हात चांगले आहेत, पण त्या हातांना वरून मिळणारा आधार अपुरा आहे, आणि या सेवेचा दर्जा शेवटी त्या आधारावरच ठरतो.

सेवेची सुरुवात आपल्या दारातच होते. आशाताई एक प्रश्नावली घेऊन येतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, अशा प्रश्नांना गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण झाले तर त्या व्यक्तीला तपासणीच्या दिवशी आधी बोलवायचे, असा नियम आहे. तपासणी मात्र गुण कितीही असले तरी तिशी ओलांडलेल्या सगळ्यांचीच व्हायची असते, आणि हे अनेकांना कळत नाही. आमच्याकडे एका बाईंनी ‘माझे गुण कमी आले, म्हणजे मला काही नाही’ असे समजून जाणेच टाळले होते. प्रश्नावलीच्या पुढच्या भागात लक्षणे विचारली जातात. तोंडात न भरणारी जखम, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, अंगावरून घाण वासाचे पाणी जाणे, हे प्रश्न उंबऱ्यावर उभे राहून, आतून सासरा ऐकत असताना, विचारायचे असतात. आमच्या आशाताई ते प्रश्न ओसरीवर विचारत नाहीत. ‘ताई, जरा पाणी देता का?’ म्हणून त्या स्वयंपाकघरात येतात आणि तिथे हळू आवाजात विचारतात. हे त्यांना कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नाही, आणि केंद्राच्या निकषांनुसार असा एक अर्ज भरण्याचे त्यांना दहा रुपये मिळतात.

तपासणीच्या दिवशी उपकेंद्रात सीएचओ मॅडम, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आणि आरोग्यसेविका, म्हणजे आमच्या सिस्टर, अशा दोघी होत्या. आपल्या राज्यात सीएचओ म्हणून बरेचसे आयुर्वेद पदवीधर आहेत आणि त्यांनी या कामासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. रक्तदाब आणि साखर झाल्यावर एकेका बाईला आतल्या खोलीत बोलवत होते. दाराला कडी होती, खिडकीला पडदा होता, आणि पडद्याच्या आत आणखी एक हिरवा कपडा लावलेला होता. खोली लहान होती, पण आडोसा पुरेसा होता, आणि या तपासणीसाठी आलेल्या बाईच्या दृष्टीने पहिली गरज तीच असते.

गर्भाशयमुखाची तपासणी मी थोडी सविस्तर सांगते, कारण तिच्याविषयीची भीती सर्वात जास्त आहे आणि ती प्रत्यक्षात किती साधी आहे हे सांगायला कोणी बसत नाही. तिला व्हीआयए म्हणतात. ग्लेशियल असेटिक आम्ल पाच मिलिलिटर आणि शुद्ध पाणी पंच्याण्णव मिलिलिटर असे मिश्रण त्याच दिवशी ताजे तयार करतात. व्हिनेगरसारखा वास येतो. टेबलावर झोपवून स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणारे उपकरण, बसवतात, गर्भाशयमुख उजेडात नीट पाहून घेतात, मग त्या द्रावणात भिजवलेला कापूस तिथे लावून एक मिनिट थांबतात. पेशींत बदल झालेला असेल तर तो भाग पांढरा, दाट, कडा स्पष्ट असलेला दिसू लागतो. आमच्या सिस्टरनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत ते मिनिट पूर्ण होऊ दिले. बाहेर रांग होती, तरी त्यांनी घाई केली नाही. थोडे ओढल्यासारखे आणि किंचित चुरचुरल्यासारखे वाटते, दुखत नाही. निकाल तिथल्या तिथे कळतो, त्यामुळे गावातल्या बाईला रिपोर्टसाठी पुन्हा रोजगार बुडवून यावे लागत नाही, आणि हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाळी जाऊन काही वर्षे झालेल्या स्त्रियांमध्ये ज्या भागात बदल शोधायचा तो भाग आत सरकलेला असतो, त्यामुळे पन्नाशीच्या पुढे ही तपासणी पुरेशी विश्वासार्ह राहत नाही. आमच्या सिस्टरनी एका वयस्कर बाईंना हे स्पष्ट सांगितले आणि ‘दिसत नाही, म्हणजे नाही असे मी लिहिणार नाही’ असे म्हणून त्यांना पुढे पाठवण्याची चिठ्ठी केली. या एका वाक्यासाठी मी त्या सिस्टरना पूर्ण गुण देते. तपासलेल्यांचा आकडा मोजला जाणाऱ्या व्यवस्थेत ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळे होणे सोपे असते.

तोंडाच्या तपासणीचे वेगळेच महत्त्व आहे, आणि तिच्याकडे पाहण्याचा आपल्या लोकांचा दृष्टिकोनही वेगळा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, त्याची चर्चा पुरुषांच्या संदर्भात झाली. बायकांची मशेरी मात्र कोणाच्या हिशेबात नसते. तव्यावर भाजलेली तंबाखू सकाळ-संध्याकाळ दातांना लावणाऱ्या बायका आमच्याकडे घरोघरी आहेत, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंनीही तसेच उत्तर दिले होते. मॅडमनी दुसऱ्यांदा ‘मशेरी लावता का, मावशी?’ असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली. मग टॉर्च आणि लाकडी पट्टी घेऊन मॅडमनी ओठांच्या आत, दोन्ही गालांच्या आत, हिरड्यांवर पाहिले, ‘जीभ टाळूला लावा’ म्हणून जिभेखाली पाहिले, जीभ कापडात धरून दोन्ही कडा पाहिल्या, आणि ‘तीन बोटे उभी करून तोंडात जातात का बघा’ असेही करून घेतले. डाव्या गालाच्या आत, जिथे मशेरीचे बोट रोज टेकते तिथे, पांढरा चट्टा निघाला. पट्टीने पुसून जातो का ते पाहिले, गेला नाही. पुढे पाठवायचे ठरले.

स्तनांची तपासणी हाताच्या मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, बसवून आणि झोपवून, काखेपर्यंत केली जाते. तीही नीट झाली, आणि घरी दर महिन्याला स्वतः कशी चाचपणी करावी हे दाखवले गेले. त्याविषयी तक्रार नाही.

साध्या परिचारिकेने किंवा आरोग्यसेविकेने केलेल्या अशा तपासणीवर विश्वास ठेवावा का, असे मला अनेक शिकलेल्या लोकांनी विचारले. याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे आणि आपल्याला त्याची फारशी माहिती नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हीआयए आणि स्तनांची तपासणी दर दोन वर्षांनी करून घेतली. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यात सर्व वयांचा एकत्रित फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता, पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. तोंडाच्या तपासणीचा असाच अभ्यास केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाला आणि तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये दिसले. म्हणजे टॉर्च, कापूस आणि तीन बोटे यांनी माणसे वाचतात, हे सिद्ध आहे.

परंतु या अभ्यासांतील एक बाब आपल्या कार्यक्रमात उतरलेली नाही, आणि माझ्या परीक्षणाचा खरा मुद्दा तिथे आहे. मुंबईतल्या त्या कार्यकर्त्या एकट्या नव्हत्या. त्यांचे निष्कर्ष स्त्रीरोगतज्ज्ञांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले जात होते, संशयास्पद वाटलेल्या बाईची पुढची तपासणी आणि उपचार यांची सोय ठरलेली होती, आणि आपण पाठवलेल्या बाईला पुढे काय निघाले हे त्यांना कळण्याचा मार्ग होता. डोळा असाच तयार होतो. पांढरा चट्टा आणि साधी सूज यांतला फरक पुस्तकातल्या चित्रावरून जितका कळतो त्याच्या कितीतरी पट, ‘तुम्ही पाठवलेल्या त्या बाईंचा चट्टा खरोखर बदलाचा होता’ किंवा ‘नव्हता’ असे कोणीतरी सांगितल्यावर कळतो.

आमच्या सीएचओ मॅडमना मी विचारले की आतापर्यंत पाठवलेल्या बायकांपैकी किती जणींना पुढे काही निघाले. त्या म्हणाल्या, ‘आम्ही चिठ्ठी देतो, पोर्टलवर नोंद करतो. पुढे काय झाले ते त्या बाई रस्त्यात भेटल्या आणि त्यांनी सांगितले तरच कळते.’ वरच्या रुग्णालयातून उपकेंद्राकडे उलट निरोप नियमाने येत नाही. पोर्टलवर त्यासाठी रकाना असला तरी तो वेळेवर भरला जाईल याची खात्री नाही. ज्या व्यक्तीने पहिला संशय घेतला तिलाच शेवट कळत नाही. मग ती पुढच्या वेळी कशाच्या आधारावर अधिक अचूक होणार? प्रशिक्षण झाले त्याला बराच काळ लोटला, आणि त्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष बाईवर किती तपासण्या करायला मिळाल्या असे विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मी इथे लिहीत नाही. फारच कमी, एवढेच सांगते.

नोएडा येथील राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था प्राथमिक स्तरावरच्या डॉक्टरांसाठी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण चालवते. त्यात तज्ज्ञांशी ठरावीक वेळी दृक्‌श्राव्य संवाद होतो आणि सहभागींनी स्वतःच्या रुग्णांच्या अडचणी मांडायच्या असतात. पद्धत उत्तम आहे. याचप्रमाणे ई-संजीवनीवरून उपकेंद्रातून वरच्या डॉक्टरांशी थेट बोलता येते. परंतु दुपारी दोनपर्यंत ओपीडी, नंतर घरभेटी, मग पोर्टलवर नोंदी, आणि त्याच नोंदी पुन्हा रजिस्टरमध्ये, असा दिवस असलेल्या बाईला शिकायला वेळ कोणी ठरवून दिला आहे का? आमच्या उपकेंद्राखाली पाच हजारांच्या आसपास लोकवस्ती आहे आणि लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, क्षयरोगाचे रुग्ण, साथीचे सर्वेक्षण हे सगळे तिथेच आहे. आठवड्यातला ठरलेला तपासणीचा दिवस एखाद्या मोहिमेमुळे रद्द झाला की पुढच्या आठवड्यात दुप्पट बायका येतील असे कागदावर गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात निम्म्या येतच नाहीत, कारण एकदा तयारी करून, मन घट्ट करून आलेली बाई परत गेली की पुन्हा येणे तिला जड जाते.

साहित्याचेही तसेच. एका दिवसात किती बायकांची व्हीआयए करता येईल हे स्पेक्युलम किती आहेत आणि ते निर्जंतुक करायला किती वेळ लागतो यावर ठरते. आमच्याकडे स्पेक्युलम मोजके, आणि उजेडासाठी असलेला दिवा बिघडलेला होता. सिस्टर मोबाइलचा टॉर्च आशाताईंच्या हातात देऊन काम भागवत होत्या. पांढरेपणाची छटा ओळखणे हाच ज्या तपासणीचा गाभा आहे ती तपासणी अशा उजेडात करावी लागू नये. ही काही मोठ्या खर्चाची बाब नाही.

आकड्यांचा हट्ट किती अवघड वळणावर नेतो याचे उदाहरण २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यात दिसले. तिथे ‘संजीवनी’ अभियानात महिला दिनापासून २ लाख ९२ हजारांहून अधिक स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली आणि त्यांपैकी साडेचौदा हजारांना कर्करोगसदृश लक्षणे असल्याचे जुलैमध्ये विधानसभेत सांगितले गेले. बातम्या अशा रीतीने पसरल्या की जणू एवढ्या बायकांना कर्करोगच झाला आहे. प्रत्यक्षात तोपर्यंत निदान निश्चित झालेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन, स्तनाच्या एक आणि तोंडाच्या आठ. इतक्या बायकांपर्यंत पोहोचणे हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण प्रश्नावली, डोळ्यांनी केलेली तपासणी आणि तुकडा काढून केलेले निदान या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी शेवटी त्याच आशाताईंवर आणि सिस्टरवर येते, आणि त्यांच्या हातात त्यासाठी चार ओळींचे साधे माहितीपत्रकही नसते.

आता वरच्या टप्प्याविषयी. जाऊबाईंना घेऊन आम्ही चिठ्ठीसह ग्रामीण रुग्णालयात गेलो, तर दंतशल्यचिकित्सक त्या दिवशी दुसरीकडे ड्युटीवर होते. उपकेंद्रातून निघण्याआधी हे कळण्याची सोय असती तर एका घराचा दिवस वाचला असता. पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत आमची चिठ्ठी कोणी पाहिली नाही. उपकेंद्रातून पाठवलेल्यांसाठी वेगळी खिडकी किंवा ठरलेला वार नव्हता. तुकडा काढला, रिपोर्टसाठी पुन्हा बोलावले, आणि अखेर कर्करोग नाही, पण पेशींत सुरुवातीचा बदल आहे, मशेरी पूर्ण बंद करून ठरावीक अंतराने दाखवत राहायचे, असे सांगण्यात आले. डॉक्टर वागायला चांगले होते आणि त्यांनी वेळ देऊन समजावले. एवढे फिरणे आमच्या घराला जमले, कारण सोबत जायला माणूस होते आणि गाडीचे भाडे होते. ऊसतोडीला किंवा भांगलणीला जाणारी बाई पहिल्याच फेरीत, डॉक्टर नाहीत हे ऐकून, घरी परतली असती, आणि पोर्टलवर तिची नोंद ‘पुढे पाठवले’ एवढीच राहिली असती. निदान झाल्यावरच्या उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पाच लाख रुपयांपर्यंत होतो ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे, परंतु निदानापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरचा प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा विचार कुठेच नाही. बायका गळतात त्या याच वाटेवर.

या सेवेचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, अशा तक्रारींसाठी गेलेल्या बायकांना ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून तिशी-पस्तिशीतच पिशवी काढून टाकण्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. गावातल्याच उपकेंद्रात, ओळखीच्या सिस्टरने, पैसे न घेता गर्भाशयमुख पाहून ‘इथे संशयाचे काही नाही, ही साधी सूज आहे, औषधाने बरी होईल’ असे सांगितले, तर त्या भीतीचा बाजार चालणार नाही. आमच्यासोबत आलेल्या एका तरुण बाईंना अगदी असेच सांगितले गेले. त्या पिशवी काढण्यासाठी सोनाराकडे डोरले ठेवण्याच्या विचारात होत्या.

तपासणीच्या पद्धतीविषयीही बोलले पाहिजे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी प्रगत अवस्थेतला कर्करोग आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तर एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही. मुंबईत व्हीआयए यशस्वी ठरली ती दर दोन वर्षांनी, कडक देखरेखीखाली केली तेव्हा. आपला कार्यक्रम ती पाच वर्षांतून एकदा आणि देखरेखीशिवाय करू पाहतो. जागतिक आरोग्य संघटना आता विषाणूच्या चाचणीलाच प्राधान्य द्यायला सांगते, आणि त्या चाचणीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, म्हणजे टेबलावर झोपण्याचा संकोच बहुतेकींसाठी उरत नाही. ज्या चाचणीचा पुरावा आपल्या धाराशिवच्या खेड्यांतून जगाला मिळाला ती त्याच राज्यातल्या उपकेंद्रात अजून मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. तोपर्यंत जी व्हीआयए आहे ती नीट झाली पाहिजे, आणि ती नीट करू शकणाऱ्या बायका गावोगाव आहेत.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. तपासणीचा वार आशाताईंना आधी विचारून घ्यावा. पाळीच्या दिवसांत व्हीआयए होत नाही, त्यामुळे पाळी संपल्यानंतरचे दिवस निवडावेत. आधार कार्ड आणि असल्यास आभा क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, जवळ ठेवावा. मशेरी, तपकीर, पान, सुपारी यांपैकी काहीही असेल तर विचारायची वाट न पाहता सांगावे. पुढे पाठवले तर चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा आणि निघण्यापूर्वी सीएचओंकडून त्या रुग्णालयात संबंधित डॉक्टर कोणत्या दिवशी असतात याची फोनवर खात्री करून घ्यावी. निदान काहीही निघो, परत आल्यावर उपकेंद्रात जाऊन ते सांगावे, कारण सध्या तरी त्यांना ते कळण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही. आणि स्तनात गाठ लागत असेल, पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल किंवा तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरत नसेल, तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. ही सेवा कोणताही त्रास जाणवत नसलेल्या बाईसाठी आहे.

प्रत्येक आरोग्य मंदिरात जन आरोग्य समिती असते, तिच्यात सरपंच आणि गावातली माणसे असतात, आणि किरकोळ गरजांसाठी थोडा निधी तिच्या हाती असतो. आम्ही काही जणींनी या समितीकडे लेखी अर्ज दिला. दिवा आणि जादा स्पेक्युलम घ्यावेत, तपासणीच्या वाराला दुसरी मोहीम लावू नये, आणि पुढे पाठवलेल्या प्रत्येक बाईचे काय झाले याचे रजिस्टर दर महिन्याच्या बैठकीत, नावे न घेता, वाचले जावे, अशा तीन मागण्या त्यात आहेत. दिवा आला आहे. वाराविषयी तालुक्याला कळवले असल्याचे सांगितले गेले. रजिस्टरसाठी वरच्या रुग्णालयाने माहिती द्यायला हवी आणि तसे पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले आहे. त्याचे उत्तर आलेले नाही, त्यामुळे तूर्त आशाताईच पुढे पाठवलेल्या बायकांच्या घरी जाऊन विचारून एका वहीत लिहून ठेवतात.